फॅट किती लागली

कवठेपिरानच्या डेअरीत मी मशीनवर बसते.
म्हैस कुणाची, कासंडी कुणाची, मान वर करत नाही.
नळी बुडवायची, आकडा वाचायचा,
फॅट सहा पाच, एसएनएफ नऊ,
पावती फाडायची. पुढचा.

म्हणून मिरजेहून रिपोर्ट आला
तेव्हा सासूबाईंनी चुलीपासूनच विचारलं,
"फॅट किती लागली गं, दोघींची?"

दोघींची म्हणजे माझी आणि वैजंताची.
अकरा दिवसांच्या अंतरानं बाळंत झालो जावा-जावा.
एकच शेगडी दोघींच्या बाजेखाली फिरली,
एकाच परातीतले अळिवाचे लाडू,
तीच शाळूची भाकरी, तोच शेपू,
त्याच बोअरचं पाणी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक साखर असते,
वैजंताच्या दुधात उतरते, तुझ्या नाही.
तुझ्यात दुसऱ्या आहेत.
बाळाला ती पचतच नाही,
पोटातल्या बारीक जंतूंचा तो घास.
लाडवांनी ती येत नाही
की लाडू सोडले म्हणून जात नाही.

"मग दर कुणाला जास्त?"
सवयीनं तोंडातून गेलं.
त्या हसल्या. दर नसतो, म्हणाल्या,
दोन्ही पोरी बाळसं धरतायत, बघ की.

आणि जाता जाता:
हे एकट्या आईकडून येत नाही हां,
वडिलांकडूनही यावं लागतं.

आप्पांकडून?
सांगलीच्या यार्डात चाळीस वर्षं
हळदीची पोती पाठीवर घेतलेले आप्पा,
ज्यांच्या मानेच्या सुरकुत्या
दिवाळीच्या उटण्यानंही कधी पांढऱ्या झाल्या नाहीत,
ते माझ्या दुधात?
पोत्यात खोचलेली चिठ्ठी
हमाल थोडीच उघडून बघतो.
वाहिली, उतरवली, पाठ झटकली.

रविवारी आले नातीला बघायला.
खिशात खडीसाखर, कागदाला पिवळी बोटं.
पोर रडली, मी पदर ओढला,
तसे उठून अंगणात गेले,
पाठ करून उभे राहिले गोठ्याकडे बघत.

ओठांवर आलं होतं,
आप्पा, थांबा की, यात तुमचंही आहे.
पण बापाला हे कसं सांगतात
ते मला कुणी शिकवलं नाही.

तिकडूनच त्यांनी विचारलं,
"पुरतंय का गं तिला?"
"पुरतंय, आप्पा."

सासूबाईंना सांगून टाकलं,
सारखीच लागली.