बुधवारचे खेळ

कुताईसीत बुधवारी दुपारचं तिकीट निम्म्या दरात.
मी आणि लामारा सहाव्या रांगेत,
दोघींच्या गुडघ्यांवर मिळून एक शाल.
हीटर भिंतीपुरताच तापतो.

चौतीस वर्षं मी नाट्यगृहात प्रॉम्प्टर होते.
रंगमंचाच्या कडेला, लाकडी खोक्यात,
संहिता मांडीवर, डोळ्यांसमोर नटांचे बूट.
कोण खरं रडतंय ते मला टाचांवरून कळायचं.

सिनेमात टाचा दिसत नाहीत.

पहिल्या बुधवारी एक बाप होता, मुलगा बुडालेला.
लामाराचे दोन रुमाल भिजले.
मी मोजत होते: आधी डावा डोळा, मग उजवा,
दर वेळी त्याच क्रमाने,
शाळेची पोरं रांगेत सोडावीत तसं.
"दगड आहेस तू, त्सियाला," ती जिन्यावर म्हणाली.
असेन.
पण घर सोडताना त्याने दाराची कडी
एकदा उगाच चाचपली असती,
तर माझाही रुमाल निघाला असता.

पुढच्या आठवड्यात ती शिलाईयंत्रं दुरुस्त करणारी बाई.
नटीचं नाव वाचायचं राहिलं, अक्षरं भरभर वर गेली.
नवरा विचारतो, "कोण होता तो?"
आणि ती सुईत दोरा ओवते.
दोरा ओला करते. पुन्हा ओवते.
आठ सेकंद, नऊ,
माझ्या पोटात गोळा: विसरली! पोरगी विसरली!
आणि मी अंधारात, जुन्या सवयीने,
कुजबुजले तिला, "कुणी नाही, असाच एक."
पुढचा टोपीवाला वळून बघायला लागला.
पडद्यावर ती काहीच बोलली नाही.
सुई ठेवली, उठली, खिडकी लावली.
माझं वाक्य माझ्याच तोंडात राहिलं,
द्राक्षाच्या बीसारखं, थुंकायला जागा नाही.

त्या रात्री झोप नाही.
लाज टोपीवाल्याची नव्हती, चौतीस वर्षांची होती.
किती जणांच्या गप्प बसण्यात
मी शब्द कोंबले असतील?

आणि काल ओतिया दिसला.
सिनेमा यथातथाच. नायक देखणा,
संगीत जिथे तिथे पदरचं बोलणारं.
ओतियाला एकच प्रसंग: भट्टीवाला, नायकाला पत्ता सांगतो.
गालफडं बसलीत त्याची.
हाच ओतिया तिसऱ्या अंकात नेमका अडायचा,
तीच जागा, प्रत्येक प्रयोगात,
आणि खाली डावीकडे बघायचा.
मी "बर्फ" एवढाच शब्द द्यायचे,
की गाडी सुरू.

नायकाने विचारलं, "ती कुठे राहायची?"
ओतिया पाव हातात धरून थांबला.
खाली डावीकडे बघितलं.
पाव गरम असणार, त्याने हात बदलला.
मला वाक्य माहीत नव्हतं.
मी ओठ दातांत धरले.

"पूल ओलांडा," तो म्हणाला, "आणि मग विचारा."

लामारा अंधारात रुमाल चाचपडू लागली, माझ्यासाठी.
"ह्यात रडण्यासारखं काय होतं? पाव तर विकला त्याने."

बाहेर रिओनी गढूळ, पुलावर वारा.
"तो भट्टीवाला," ती म्हणाली, "आपल्या नाट्यगृहातलाच ना,
काय बाई नाव त्याचं, जिभेवर आहे..."
माझ्याही होतं.
आम्ही चालत राहिलो.
पलीकडच्या टोकाला तिने एक नाव घेतलं,
साफ चुकीचं.
मी ते तसंच चालू दिलं.