वीस मिलिसेकंद

तयार कर्नेल वापर, असं दोनदा सांगितलं होतं मला.
पण मी कपाट लावायला घेतलं
की आधी सगळं जमिनीवर काढते.
रात्रभर यादी चाळली.
फ्लॉपी? नको. टीव्हीचं कार्ड? नको.
जॉयस्टिक? माशांच्या पिंजऱ्यावर कोण खेळणार?
पहाटेपर्यंत गाभा निम्म्यावर आला
आणि मी स्वतःवर खूश.

फ्योर्डच्या मधोमध लोखंडी तराफा,
खाद्याच्या पोत्यांच्या वासात एक करडी पेटी,
तिच्या हवाली साठ हजार सालमन.
पाण्यातला प्राणवायू उतरला
की तिने पंप सुरू करायचा. एवढंच.

पहिल्या दिवशी ती उठलीच नाही.
डिस्क उघडणारा ड्रायव्हर मी डिस्कवरच ठेवला होता:
किल्ली पेटीत, पेटीला कुलूप.
हे क्लाक्सविकमध्ये कुणाला सांगितलेलं नाही.
तुम्ही काही इकडे येणार नाही, म्हणून सांगते.

सुधारलं. उठली. चालली.
एकेचाळीस मिनिटांनी पडली.
मग सतरा. मग सहा तास टिकली, मी जेवले,
मग चहा ओतेपर्यंतसुद्धा नाही.
रोज ठरल्या वेळी पडती तर निदान
तिच्याशी भांडता आलं असतं.

पडद्यावर शेपूट तेवढं उरायचं, बाकी मजकूर वर वाहून गेलेला.
म्हणून जुनी सीरियल केबल शोधली,
एक टोक पेटीत, दुसरं मांडीवरच्या लॅपटॉपला,
शेवटचं बोलणाऱ्याच्या तोंडाशी कान नेतात तशी बसले.
आली उतरंड: हिने तिला बोलावलं, तिने तिला,
आणि जिच्या दारात प्रेत सापडलं
ती बिचारी निर्दोष निघाली.
रॅम तपासली. ठीक.
वीजपुरवठा बदलला. उगाच.

तोवर पाल याकूप आणि त्याचा भाचा
दर अर्ध्या तासाने मीटर दोरीला बांधून पाण्यात सोडत होते,
आकडे एका पुठ्ठ्यावर लिहीत होते.
"अजून?" तो होडीतून विचारायचा.
रागाने नाही. तेच लागायचं.

मग निम्मं-निम्मं.
चौसष्ट बदलांतले बत्तीस मागे घे, बांध, चालव, वाट बघ.
सोळा. आठ.
चौथ्या रात्री एका ओळीवर येऊन थांबले.
ओळ माझी नव्हती. खोडलेली मात्र मीच.
सेन्सरला हाक मारल्यावर वीस मिलिसेकंद थांब, एवढीच,
आणि शेजारी शेरा: काढू नका. ऐ.
का, ते लिहिलेलं नाही.
आणि कारण न देता कुणी नको म्हटलं
की माझा हात आधी तिकडेच जातो.

झोपेतून अर्धवट उठलेला सेन्सर काहीतरी बरळायचा,
ते मी अक्षरशः खरं मानायचे,
आणि शेजाऱ्याच्या मेमरीत लिहून ठेवायचे.
शेजारी मरायचा, पण सवडीने.

ऐयून निवृत्त होऊन मेंढ्या राखतो, उत्तरेला, विदारेईला.
साडेदहाला फोन केला.
"दहा करून पाहिले होते मी," तो म्हणाला,
"उन्हाळ्यात चालले."
मग गप्प.
मी पुढचं बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.
"डिसेंबरात पाणी गार झालं की त्याला उठायला वेळ लागतो."
"मग कारण का नाही लिहिलंस?"
"हातात मोजे होते."

ओळ परत घातली.
वर कारण लिहिलं, सहा ओळींचं, फार लांब झालं,
पण एकही शब्द काढला नाही.

पेटी आज नऊ दिवस उभी आहे.
पुठ्ठा अजून खिळ्याला लटकतोय.
पाल याकूप रोज सकाळी मीटर सोडतो, एक आकडा लिहितो,
माझ्याकडे न बघता.
मीही खिडकी पुसत असते तेव्हा.