पुनर्मूल्यांकन

मोसम सुरू व्हायला अठरा दिवस.
पहाटे साडेपाचला सायकल काढतो,
बायकोला वाटतं साखर उतरवायला चाललो.
खिशात शंभर पानी वही, मागून सुरू केलेली;
पुढून तीत किराणा आहे.

सोमवारी बेझनबाग. मंगळवारी मोमीनपुऱ्यापलीकडची पडीक जागा,
तिथे एका गोलपोस्टला म्हैस बांधलेली असते
आणि पोरं तिला धरूनच ऑफसाइड मोजतात.
बुधवारी कामठी, परतताना तर्री पोहे, हे साखरेच्या हिशेबात नाही.

गोल मी बघत नाही. सरावात कोणीही गोल मारतं.
मी बघतो, तिसऱ्या चकरीला कंबरेवर हात कोण ठेवतं,
कोणाचे बूट मोठ्या भावाचे, पुढे कापूस कोंबलेले,
पास चुकला की कोण कोणाकडे बघतं.
ज्या टीममध्ये सगळे एकाकडेच बघतात
ती सेमीफायनलला फुटते. लिहून ठेवा.

मी ठेवलंय:
फार्मसी. पाय सुंदर. चिखल झाला की संपले.
कन्हान रोडचं कॉमर्स. दम आहे, कोच शिट्टी फार वाजवतो.
गणोरकर कॉलेज. डिफेन्स म्हणजे भिंत.
गोली अँसेल्म पिल्ले, मोहननगर. उंच, हात सुपाएवढे.
डावीकडे कच्चा.

भाव युनूसभाई काढतो, गांधीबागच्या बोळात, घड्याळांच्या दुकानात.
डोळ्याचं भिंग न काढता त्यातूनच माझ्याकडे बघतो.
गणोरकर, रुपयाला चार आणे. कॉमर्स, रुपयाला तीन.
लेखी काही नसतं.
चिमट्याने एक जुना सेकंदकाटा उचलतो,
तुमच्या नावाच्या बशीत ठेवतो.
ठेवला की ठेवला.

आता सांगतो ते वहीत नाही.
मी परीक्षा विभागात आहे, खिडकी सात.
निकाल भिंतीवर लागण्याआधी माझ्या टेबलावर येतो.
पिल्ले अँसेल्म डी., बी.ए. दुसरं वर्ष,
अर्थशास्त्र, अठ्ठावीस.
नापास पोराचं नाव टीमपत्रकात जात नाही.

बावीस वर्षांची पहाट, म्हैस, कापूस, शिट्ट्या एका पारड्यात
आणि दुसऱ्यात अठ्ठावीस.

त्या संध्याकाळी माझ्या बशीत काटा पडला. दोन हजार, कॉमर्सवर.
"काहून बे? असं काय पाह्यलं तू?"
म्हटलं, कोच चांगला आहे त्यांचा.
भिंगातला डोळा जरा जास्त वेळ थांबला.

शुक्रवारी खिडकीत आधी हात आले,
मग वाकून बाकीचा पोरगा.
पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म. आजची शेवटची तारीख.
"सातवा प्रश्न तपासलाच नाही, सर. आठ मार्कांचा हाये. झेरॉक्स पाहा ना."
पाहिली. कोरा समास, लाल शाईचा ठिपकाही नाही.
उत्तर मला कळलं नाही, पण अक्षर नेटकं होतं.
"निकाल कधी लागंल?"
कोणता, असं ओठांवर आलं होतं.

शिक्का मारला. पावती फाडत होतो
तेवढ्यात वरच्या पंख्याने फॉर्म उचलला,
खिडकीतून बाहेर, त्याच्या डाव्या अंगाने, कठड्याकडे.
तो माझ्याकडेच बघत होता.
नजर न हलवता डावा हात गेला
आणि दोन बोटांत कागद घेऊन परत आला,
एक घडीसुद्धा पडली नाही.
"घ्या सर."

वही काढली. डावीकडे कच्चा, यातला कच्चा खोडला.
बशीतलं खोडता येत नाही.

आमच्या भिंतीवरचं घड्याळ युनूसभाईनेच दुरुस्त केलेलं,
मिनिटभर मागे पडत नाही.
फॉर्मांचा गठ्ठा पाच वाजता वरच्या मजल्यावर जातो.
फॉर्म माझ्या हाताखाली होता, गठ्ठा हातभर लांब,
आणि चार वीस झाले होते.