इज खोडून वॉज

कार्लाइलच्या एका तळघरात जुन्या फायली स्कॅन करतो मी.
अकस्मात मृत्यू, नोव्हेंबर एक्क्याऐंशी, मेरीपोर्ट बंदर.
जबाब देणार: डोरीन थ्रेलकेल्ड, वय एकसष्ट.
घेणार: कॉन्स्टेबल कॉलिन बेटी. त्याचं वय लिहिलेलं नाही,
टायपिंगच्या चुकांवरून बावीस-तेवीस असावं.

मला वाटलं, विल्फ शेडमध्ये आहे.
असंच बोलली असणार ती,
कारण कागदावर 'इज' आहे,
त्याच्यावर दोन फुल्या,
आणि वरच्या फटीत कसाबसा बसवलेला 'वॉज'.
समासात तिची आद्याक्षरं, डी. टी.
म्हणजे दुरुस्ती मान्य.

इंग्रजीत असंच करायचं असतं.
कुणाला काही वाटलं होतं, कुणी काही धरून चाललं होतं,
की त्या वाटण्याच्या पोटातलं क्रियापदही
एक पायरी खाली उतरवायचं,
एका घरात कुणी गेलं की शेजारचेही
रेडिओ बारीक करतात, तसं.

वाटलं, शेवंडांचे पिंजरे दुरुस्त करत बसलाय.
फुल्या. डी. टी.
वाटलं, भूक लागली की येईल.
फुल्या. डी. टी.

पाचव्या सहीपाशी पेन अडखळलंय, शाईचा ठिपका.
तिथे ती म्हणाली असेल,
'तू वॉज केलंस ना पोरा, की असं वाटतं
मला तेव्हाच ठाऊक होतं.'
आणि तो म्हणाला असेल,
'अर्थ तोच आहे, मिसेस थ्रेलकेल्ड.'

तोच नाही.
मी हे मराठीत लिहितोय, डबा खायच्या सुट्टीत,
आणि माझ्या भाषेत वाटणं संपून जातं,
वाटलेलं तिथेच राहतं.
तिला वाटलं, तो शेडमध्ये आहे.
स्वल्पविराम ओलांडला की दिवा, रेडिओ,
स्टुलावर विल्फ, दातांत सुतळी धरलेला,
घरात त्याचा चहा निवत चाललाय.
हे बरं की वाईट, मला सांगता येत नाही.

एक सवलत मात्र इंग्रजीतही आहे.
जे अजून खरं आहे, ते वर्तमानात ठेवलं तरी चालतं.
पृथ्वी गोल आहे. सॉल्वेच्या खाडीत भरती
घोड्यासारखी दौडत येते.
म्हणजे त्या पोराला वाक्यावाक्याला थांबून
विचारावं लागलं असणार: हे अजून खरं आहे का?
डाव्या कानानं त्याला कमी ऐकू येतं.
येत होतं.
चहात साखर तीन चमचे लागते.
लागायची.
पोहता येत नाही.
हे कसं लिहायचं त्यालाही सुचलं नाही,
ओळ अर्ध्यावर सोडलीय.

शेवटून दुसरं वाक्य:
बुधवारी मी त्याला म्हटलं, तू महामूर्ख आहेस.
इथला इज तसाच आहे. फुल्या नाहीत, डी. टी. नाही.
तिनं टाइपरायटरवर हात ठेवला असेल.
'हे अजून खरं आहे. याला हात लावू नकोस.'

मग फाईल गेली कॉरोनरच्या कचेरीत,
मिस पॅटिन्सन यांच्याकडे. त्यांची पेन्सिल मला
इथल्या प्रत्येक फायलीत भेटते,
चुकलेला स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत बाई.
त्यांनी त्या इजभोवती गोल केलाय
आणि खोडरबरनं पुसलाय.

स्कॅनमध्ये तो येत नाही. दोनदा करून पाहिलं.
कागद दिव्याखाली तिरका धरला
तर दिसतो.