चौकोनी आस

दापोलीच्या कुठल्याशा कचेरीच्या भंगारातून
चोगलेशेठनी आठशेला आणलेला मॉनिटर
सोसायटीच्या टेबलावर बसला
आणि पहिल्याच दिवशी बुरोंडीतली सगळी माणसं जाडी झाली.

पडद्यावरचा फोटो गेल्या नारळी पुनवेचा.
खलाशांना ढेऱ्या सुटलेल्या, होड्या भोपळ्यासारख्या फुगलेल्या,
सोसायटीचा गोल शिक्का
आडव्या ठेवलेल्या अंड्यासारखा.
शेठ म्हणाले, फुकटचं सॉफ्टवेअर ते असंच.
मी म्हटलं, फुकटचं नाही, मोकळं. याचं झाकण उघडतं.
मग उघड, म्हणाले,
शुक्रवारपर्यंत डिझेलची यादी जायला हवी.

यादीतली अक्षरं ओल धरल्यागत पसरलेली.
एक कुठला, नऊ कुठला, कळेना.
मंजूर लिटरचा रकाना तर पार उजव्या काठापलीकडे.

सेटिंगमध्ये शिरले. तिथे लिहिलेलं: अनोळखी डिस्प्ले.
खाली एकच माप,
एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट,
घे नाहीतर राहू दे.

केबल उपसून उजेडात धरली.
पंधरा पिनांतली बारावी मोडलेली.
ही बारावी चित्र आणत नाही.
तिच्यातून मॉनिटर फक्त आपलं नाव सांगतो,
मी एवढा रुंद, एवढा उंच.
रंग येत होते, उजेड येत होता,
तेवढं सांगणं राहून जात होतं,
आणि मशीन बिचारं
पाहुण्याला न विचारता ताट वाढत होतं.

मी इथे रुजू झाले त्या दिवशी
कुणी काही न विचारता
कपबशा माझ्याकडे दिल्या होत्या.

नवी केबल खेडला मिळेल, नाहीतर चिपळूणला.
बंदीचे दिवस, एसटीचा भरवसा नाही.
मॉनिटरच्या पाठीवरचा अर्धा खरवडलेला स्टिकर
टॉर्च मारून वाचला.

ओटीवर धर्मा पावसे जाळं सांधत होता.
सुई दातात धरून आत आला,
पडद्याला नाक लावून खूप वेळ बघत राहिला.
"आडवे आस किती?"
सोळाशे.
"उभे?"
नऊशे.
"आणि तू कितीवर ओढतेस?"
सांगितलं.
"मग ताणणारच गो. चौकोनी आस ओढलास
की तो मिटतो. बारकी मासळी सुटत नाही त्यातून."

काळी खिडकी उघडली.
सीव्हीटीला विचारलं: सोळाशे, नऊशे, साठ.
तिने आकड्यांची एक ओळ दिली,
भरती-ओहोटीच्या कोष्टकासारखी लांबलचक.
ती उचलून एक्सरँडरच्या हाती दिली.
हा नवा मोड. हा या पडद्याला जोड. आता लाव.

पडदा काळा.
"गेले आठशे," शेठ.

आत कुठेतरी टक् वाजलं
आणि माणसं बारीक झाली.

शिक्का गोल. होड्यांच्या नाळी पुन्हा टोकदार.
मागच्या रांगेत, इतके दिवस कुणी भलताच वाटणारा
एक पोरगा.
"हा आमचा रूपेश," धर्मा म्हणाला.
तो आता मस्कतला टगवर असतो.
"एवढा बारीक होता होय?"
आणि सुई घेऊन ओटीवर गेला. जाळ्याकडे लगेच वळला नाही.

सकाळी बटण दाबलं,
सगळे पुन्हा जाडे.
रात्रीत विसरलं होतं.

मग त्याच तीन ओळी फाइलीत लिहिल्या,
मशीन उठलं की आधी वाचेल अशा.
त्यांच्या वर एक चौथी,
पुढे खूण करून, मशीनने सोडून द्यायची,
माझ्यानंतर या खुर्चीवर बसेल त्याच्यासाठी:
बारावी पिन मोडली आहे. हा मॉनिटर सोळाशे बाय नऊशे.
तो स्वतः सांगू शकत नाही.

खाली नाव घालायचं नव्हतं.
फाइल बंद केली.
पुन्हा उघडली, लिहिलं,
शमीम दर्वेश.