रेघेची जाडी

एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर.
कदमशोच्या पाच खांबांच्या घरात नकाशा पसरला,
तीन कोपऱ्यांवर चहाचे पेले,
चौथ्यावर त्याचा गुडघा.

उताराचा कोन माझ्यापाशी होता, अडतीस अंश.
उपग्रहाने काढलेलं चित्र होतं, वाऱ्याचा हिशेब होता.
घळीच्या तोंडाशी भूर्जाची झाडं,
सगळी एका वयाची, सगळी कमरेतून खाली वाकलेली.
गिरमिट घालून वर्तुळं मोजली होती मी: एकोणतीस.
म्हणजे त्याआधीचं काही उरलं नव्हतं.

कदमशो म्हणाला, घळीतला दर वर्षी येतो,
गुरासारखा, ठरल्या वाटेने. त्याचं भय नाही.
तो पलीकडचा गुळगुळीत उतार बघ,
तो पिढीतून एकदाच बोलतो.

सफरमो कणीक मळत होती.
मान वर न करता म्हणाली,
बर्फ नंतर आला. आधी वारा.
दार उघडलं, दिवा गेला,
पाळणा आपोआप हलला.
मग आवाज.
नाही, आवाज नव्हता. कान भरले नुसते.

कुठपर्यंत? मी विचारलं. माझं कामच ते.
पिठाच्या हातांनी ती बाहेर गेली,
तुतीच्या झाडाशी उभी राहिली. इथपर्यंत.
मग दोन पावलं मागे सरली.
सासूचा तांब्याचा हंडा इथे सापडला,
जूनमध्ये.
पाळण्याचं मी विचारलं नाही.
अक्षांश लिहिले, रेखांश लिहिले,
बॅटरी संपत आलेली.

संध्याकाळी लाल रेघ ओढली
घळीपासून नदीपर्यंत, शाळा सोडून,
बटाट्याची शेतं आत घेऊन.
ती वाकून बघत राहिली बराच वेळ.
आमचं घर रेघेच्या अलीकडे की पलीकडे?

रेघेत, मी म्हणाले.
पेन्सिलीचं टोक अर्धा मिलिमीटर,
जमिनीवर पाच मीटर होतात त्याचे.

मग टोक कर की पेन्सिलीला.

केलं.
तरी दोन मीटर उरलेच.
तेवढ्यात चूल बसते,
आणि दोघांचं अंथरूण.

रात्री झरोक्यातून चांदणं उतरलं तेव्हा दिसलं,
काही न बोलता तिने गादी ओढली होती
नदीकडच्या भिंतीला,
आणि कदमशो जुन्याच जागी घोरत होता,
एक पाय लालमध्ये.